पहिला पाग

केसरीनाथ मास्तरांचा उजवा हात आनंदीबाईंच्या जुन्या पातळाच्या झोळीत घालून गळ्यात बांधलेला होता, आणि तो तसाच राहावा यावर गावात कधी नव्हे ते एकमत झाले होते. खारबावच्या अलीकडे, खाडीला लागून असलेल्या त्या गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून मांडवाच्या खांबापर्यंत कशावरही दोन तट पडत. पण मास्तरांच्या हाताला पुरा आराम हवा, हे दोन्ही तटांना मान्य होते.

वास्तविक शस्त्रक्रिया हाताची नव्हतीच. उजव्या गालाच्या आत कर्करोगाची गाठ होती. मुंबईच्या सर्जनांनी ती काढली, आणि रोग पुढे सरकला असल्यास म्हणून मानेतल्या त्याच बाजूच्या लहान ग्रंथीही काढल्या. मानेतून खांद्याकडे जाणारी एक नस त्यांनी वाचवली. मात्र वाचवताना तिला बाजूला सारावे लागले, ताणावे लागले, आणि नसा असा अपमान सहजासहजी विसरत नाहीत. महिन्याभरात उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली लोंबू लागला. हात बाजूने उचलू गेले, तर तो खांद्याच्या रेषेपर्यंतही पोहोचेना. पुढे किरणोपचार झाले, त्यात उरलासुरला जोम गेला. ते साल दोन हजार सहा. मास्तर हायस्कुलातून विज्ञानशिक्षक म्हणून निवृत्त होऊन फार काळ लोटला नव्हता. तंबाखूच्या दुष्परिणामांचा धडा त्यांनी उभ्या नोकरीत गालात चिमूट ठेवूनच शिकवला होता. त्यामुळे हे आपल्यालाच का, असा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही. कारण ठाऊक होते, परिणाम समोर होता.

हाताच्या आरामाचा सिद्धांत मांडला तो काळूरामने. काळूराम हा मास्तरांचा चुलतभाऊ, वयाने धाकटा. कोन गावच्या रस्त्याला त्याची लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड होती, आणि जगातल्या बहुतेक गोष्टी त्याला लूमच्या उपमेने समजत.

"दादूस," तो पडवीतल्या बाकावर बसून म्हणाला, "लूमचा पट्टा सैल जाला, त आपुन लूम चालू ठेवतो कं बंद करतो? बंदच करतो ना? चालवली त जेवरा बाकी हाय तेवरा पन झिजंल. तुजा हात तसाच हाय. बंद ठेव."

मास्तरांनी विचार केला. झिजलेल्या भागावर भार टाकला की झीज वाढते, हे घर्षणाच्या नियमांना धरून होते. ज्या गावात सकाळपासून रात्रीपर्यंत यंत्रांची खडखड कानावर येते, तिथे शरीराला यंत्र मानणे ही चूक वाटण्याइतकी मोठी चूक नसते. त्यांनी मान हलवली, म्हणजे जेवढी हलत होती तेवढी. मुलगा हितेश दापोड्याच्या गोदामांच्या धंद्यात होता. त्याने बापाला बसल्या जागी सर्व मिळावे म्हणून पलंगाशेजारी घंटी बसवली. आनंदीबाई घास मऊ करून भरवू लागल्या. इतक्या प्रेमाने माणसाला निकामी करण्याची सोय पूर्वी गावात नव्हती. गोदामांच्या भाड्यांनी ती करून दिली होती.

या एकमतात एकच पाचर होती, ती म्हणजे तळीचा पाग.

खाडीचे पाणी अडवणाऱ्या खारबांधाच्या आत गावाची सामाईक तळी आहे. भाताची झोडणी आटोपली की मार्गशीर्षात, ओहोटी साधून, बांधातले लाकडी दार उचलतात. त्याला उघाडी म्हणतात. तळीचे पाणी खाडीत धावते, ते मांडीइतके उरले की सगळे गाव जाळी घेऊन उतरते. पण त्याआधी पाण्यात एकच पाग पडतो. हातातून गरकन फिरवून फेकायचे ते गोल जाळे, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेले. हा पहिला पाग टाकण्याची पाळी एकेका वर्षी एकेका घराची. पाळीच्या घरातल्या थोरल्याने तो स्वतःच्या हाताने टाकायचा; बदली माणूस चालत नाही. टाकला नाही, तर पाळी पुढच्या घराला जाते आणि चुकलेले घर रांगेच्या शेपटाला लागते. यंदाची पाळी केसरीनाथांच्या घराची होती. ती पुन्हा येईपर्यंत ते हयात असण्याची शक्यता, कर्करोग वगळूनही, फारशी नव्हती. पुढची पाळी काळूरामच्या घराची होती.

"म्हंजी सल्ला देनारा आनि मान घेनारा एकच," आनंदीबाई भांडी घासता घासता पुटपुटल्या.

"काळूरामचं मन वाईट नाही," मास्तर म्हणाले. जबडा आखडल्यामुळे शब्द अर्धे तोंडातच राहत. "आणि मानाचं मला काय? त्या रूढीत अर्थ काही नाही."

हे खरे होते. मानात त्यांना रस नव्हता. रस पागात होता. पाग हातातून सुटताना तो कमरेच्या वळणाने फिरतो, शिशाच्या गोळ्या बाहेर ओढ घेतात आणि क्षणभर हवेत एक निर्दोष वर्तुळ उघडते. त्यांच्या मते गावातल्या पूजाअर्चा आणि नवससायास यांपेक्षा ते वर्तुळ अधिक विश्वासार्ह होते, कारण ते नियमाने उघडत असे. गावात त्यांच्याइतका गोल पाग कुणाचाच पडत नसे, आणि हे काळूरामही मानत असे. तो पाग आता पडवीत खुंटीला लटकत होता. त्याच्याकडे न बघण्याची मास्तरांना सवय लागली होती.

पाहुणे येत. प्रत्येकाच्या पदरात एक उपाय असे. कुणी गोमूत्र सुचवी, कुणी नालासोपाऱ्याच्या कुण्या बाबाची पुडी, कुणी टीव्हीवर बघून श्वास कोंडायला सांगे. मास्तर सगळ्यांना एकच प्रश्न विचारत: "हे किती जणांना दिलं, आणि त्यांतले किती वाचले? वाचले तेच नाही, मेले तेही सांगा." या प्रश्नाने पाहुण्यांची संख्या बरीच आटोक्यात आली.

पावसाळ्याच्या तोंडाला मुंबईत तपासणी झाली. रोगाची काही खूण सध्या दिसत नव्हती. 'सध्या' हा शब्द मास्तरांना आवडला. त्यात प्रामाणिकपणा होता. मात्र सर्जनांनी झोळी पाहिली आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. खांद्याचे व्यायाम घरी सोडताना सांगितले होते, त्यांचे काय झाले? मास्तरांना आठवले की कुणीतरी काहीतरी सांगितले होते खरे. पण त्या दिवशी हितेश गाडीच्या पार्किंगसाठी खाली धावत होता, आनंदीबाई डबा शोधत होत्या, आणि सांगणारी मुलगी घाईत होती. "भिवंडीत एखादा फिजिओथेरपिस्ट गाठा," सर्जन म्हणाले, "नाहीतर हा खांदा गोठेल."

मास्तरांना हा सल्ला रुचला नाही. व्यायामाने आजार पळतात असे सांगणाऱ्यांना त्यांनी नुकतेच पडवीतून पळवले होते. आता तेच पांढरा कोट घालून परत आले, असे त्यांना वाटले. हितेशने मात्र तोवर भिवंडीच्या एका रुग्णालयात फोन लावला होता.

आलेली बाई तिशीच्या आतली होती. पायातले बूट चिखलाने भरले होते. ते पायरीखाली काढून ती सरळ आत आली.

"सर, मी संघरत्ना. वाल्मीक जाधवांची मुलगी. तुमच्या वर्गात होते. आरसा फोडला म्हणून तुम्ही मला तासभर बाहेर उभं केलं होतं."

"फोडला होतास का?"

"हो."

"मग योग्यच केलं." मास्तरांनी तिला बसायची खूण केली. "व्यायामानं कॅन्सर बरा होतो, असं सांगायला आली असशील, तर चहा घे आणि जा."

"नाही होत," संघरत्ना म्हणाली.

मास्तर पुढचे वाक्य तयार ठेवून बसले होते; ते वाया गेले. "मग काय होतं?"

"खांदा सुधारतो. बऱ्याच जणांचा सुधारतो, सगळ्यांचा नाही. नस तुटलेली नसेल तर शक्यता जास्त, आणि तुमची तुटलेली नाही. किरणोपचारानंतरचा थकवा रोज चालण्यानं कमी होतो, यावर बाहेर बऱ्यापैकी अभ्यास झालेत."

"आणि आयुष्य? ते वाढतं म्हणे."

"स्तनाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये, चालणारे पेशंट जास्त जगले असं काही अभ्यासांत दिसलंय. पण ज्यांची तब्येत मुळात बरी असते तेच जास्त चालतात, असंही असेल. नक्की सांगता येत नाही."

"आणि तोंडाच्या?"

"माहीत नाही, सर."

आजारी पडल्यापासून मास्तरांना 'माहीत नाही' म्हणणारे हे पहिलेच माणूस भेटले होते. त्यांना अचानक फार बरे वाटले, आणि त्या बरे वाटण्याचे कारण हातात नसून डोक्यात आहे, हे त्यांनी लगेच नोंदवून घेतले.

तेवढ्यात काळूराम छत्री झटकत आला. आल्याआल्या त्याने लूमचा सिद्धांत पुन्हा मांडला. संघरत्नाने तो शेवटपर्यंत ऐकला. मग ती उठली, मास्तरांच्या गळ्यातली गाठ सोडली, झोळी घडी करून आनंदीबाईंच्या हाती दिली आणि मास्तरांना सदरा काढायला लावून आरशापुढे उभे केले. डावा खांदा होता तसाच होता. उजव्याच्या वर, मान आणि खांदा यांच्या मधे, जिथे मांसल उतार असायला हवा तिथे खळगा पडला होता. हाडाचे टोक सदरा टांगायच्या खुंटीसारखे वर आले होते.

"काका," ती काळूरामला म्हणाली, "तुमची एखादी लूम चार महिने बंद ठेवली, कापड टाकून झाकून. चार महिन्यांनी उघडली, तर तिचं लोखंड कमी भरेल का?"

"कसा कमी भरंल? फार त गंज चढंल."

"मग सरांचा हात बसूनबसून एवढा कमी कसा झाला?"

काळूरामने आरशात बघितले, मग मास्तरांकडे बघितले. "त्या नसंनी जाला असंल," तो म्हणाला. पण लूमचे नाव त्याने त्या दिवशी पुन्हा काढले नाही.

नसेने काही अंशी, न वापरल्याने काही अंशी, असे संघरत्नाने स्पष्ट केले. मास्तर ऐकत नव्हते. त्यांना पाचवीच्या पुस्तकातला सजीव-निर्जीवांचा धडा आठवत होता. यंत्र वापराने झिजते. स्नायू वापराने भरतो. हे त्यांनी खडूने फळ्यावर लिहून किती पिढ्यांकडून पाठ करून घेतले असेल, आणि स्वतःच्या हातावर पाळी येताच ते लूमवाल्याचे शिष्य झाले होते. त्यांना राग आला. पण राग करण्यासारखे माणूस आरशातच उभे असल्यामुळे तो त्यांनी गिळला.

"मार्गशीर्षात पाग टाकायचाय," ते आरशाकडे बघतच म्हणाले. "जमेल का?"

संघरत्नाने खुंटीवरच्या जाळ्याकडे नजर टाकली. गावातलीच होती, तिला सांगावे लागले नाही. "वचन देत नाही. पण झोळीत ठेवलात तर नक्की जमणार नाही."

दुसऱ्या दिवशी जुन्या विहिरीवरचा गंजका रहाट पडवीच्या आढ्याला टांगला गेला. त्यावरून दोरी सोडली. डाव्या हाताने एक टोक खाली ओढायचे, म्हणजे दुसऱ्या टोकाला धरलेला उजवा हात आपोआप वर जाई. नंतर तो आपल्या बळावर वर न्यायचा. भिंतीजवळ उभे राहून बोटांनी पालीसारखे वर चढायचे. खिडकीच्या गजाला रबरी नळी बांधून ती मागे ओढायची, खांद्याची पाती एकमेकांना भेटवायची. सुरुवातीला मास्तरांना दोरी ओढतानाच घाम सुटे, आणि खांद्यात कुणी खिळा फिरवल्यासारखे होई. संघरत्ना आठवड्यातून एकदा येई आणि त्यांच्यापेक्षा त्यांच्या खांद्याशीच जास्त बोले.

जबड्याची कसरत वेगळी. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांच्या मधे सरकवायच्या, जबडा ताणू द्यायचा, आणि सोसवेल तशी आणखी एक काडी घुसवायची. काड्या आणायला आनंदीबाई स्वतः बाजारात गेल्या.

"मना कुल्फी नको," त्यांनी गाडीवाल्याला सांगितले, "नुसत्या काड्या दे."

"चाची, काड़ी खाके क्या करोगी?"

"मैं नहीं, मेरा आदमी खाता है."

गाडीवाल्याने मूठभर काड्या फुकट दिल्या आणि दयेने त्यांच्याकडे पाहत राहिला. आनंदीबाईंनी हा किस्सा घरी सांगितला, तेव्हा तोंडात काड्या असल्यामुळे मास्तरांना हसता आले नाही. खांदे मात्र हलले, दोन्ही.

चालण्याची वाट खारबांधावरून होती. आधी अंगणाच्या फाटकापर्यंत, मग पहिल्या तिवराच्या झुडपापर्यंत. तिथे पोहोचून मास्तर टेकत, धापा टाकत आणि स्वतःशी वाद घालत. थकलेल्या माणसाने आणखी चालून थकवा घालवायचा, हे त्यांना तर्काला सोडून वाटे. पण आठवडे गेले तसे ते तिवरापाशी न थांबता पुढे जाऊ लागले, आणि दुपारी पलंगाची घंटी वाजवावीशी वाटेना. त्यांनी याची अनेक स्पष्टीकरणे काढली: किरणोपचाराचा परिणाम ओसरला असेल, जेवण सुधारले असेल, हवा गार पडली असेल. व्यायामाचे स्पष्टीकरण त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवले. तरीही घंटी त्यांनी हितेशला काढून टाकायला सांगितली.

काळूराम रोज त्याच बांधावरून जाई. "दादूस, रबरं ओढून जिताडा गावत न्हाय हां!" तो हाक देई. जिताडा म्हणजे खाडीतला सगळ्यांत मानाचा मासा. मास्तर उत्तर देत नसत. दम पुरत नसे.

श्रावणात घात झाला. घात मास्तरांनीच केला. हात खांद्याच्या रेषेच्या वर जाऊ लागला होता. त्यांना वाटले, आता थोडे जास्त केले तर लवकर होईल. आनंदीबाई शेजारी मंगळागौरीला गेलेल्या बघून त्यांनी खुंटीवरून पाग काढला, अंगणात उभे राहिले आणि जुन्या सवयीने, हात थेट डोक्यामागे नेऊन, कोरडाच फेकला. पाग फाटकाच्या अलीकडे गोळा होऊन पडला. मास्तर त्याच्या शेजारी खाली बसले. पुढचे कित्येक दिवस हात रहाटाच्या दोरीलाही लावता येईना, आणि रात्री कूस बदलायची म्हणजे आनंदीबाईंना उठवावे लागे.

संघरत्ना आली, तेव्हा ती रागावली नाही. त्यामुळे मास्तरांना अधिकच वाईट वाटले.

"सर, रक्तदाबाची गोळी एक घेऊन बरं वाटतं, म्हणून मूठभर घ्याल का?"

"नाही."

"मग याचीही मात्रा असते. कमी दिलं तर उपयोग नाही, जास्त दिलं तर अपाय. तुम्हाला हे मी सांगायचं?"

"सांग," मास्तर म्हणाले. "इतरांना शिकवलेलं स्वतःला लागू होतं, हे समजायला आम्हाला उशीर लागतो."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली: दोरी, भिंत, रबर. आता मास्तर मात्रा पाळू लागले. दुखले की थांबत, नाही दुखले की किंचित वाढवत. खांद्याचा खळगा हळूहळू भरत होता. पूर्ण नाही, पण सदरा सरळ बसू लागला. घास ते स्वतः खाऊ लागले. नवरात्रात एका सकाळी त्यांनी कपाटाच्या मधल्या फळीवरचा आरसा उजव्या हाताने काढला आणि दाढी केली. आनंदीबाईंनी ते दारातून पाहिले आणि त्या चुलीकडे वळल्या.

दिवाळीपर्यंत प्रगती थांबली. हात डोक्याच्या उंचीला जाई आणि तिथे अडे. त्यापुढे नेला की खांद्याचे पाते पाठीवरून निसटे, आणि हात जड होऊन खाली येई. मास्तरांनी आठवडाभर वाट पाहिली, मग आणखी एक. शेवटी त्यांनी विचारले.

"याच्या वर जाईल?"

संघरत्नाने पात्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा उचलायला लावले. "कदाचित वर्षभरात. कदाचित नाही. नस किती परत येईल ते माझ्या हातात नाही, सर, आणि तुमच्याही नाही. मार्गशीर्षापर्यंत नाही जाणार."

मास्तरांनी मान डोलावली. उत्तर बरोबर होते, एवढाच त्याचा दोष होता. त्या संध्याकाळी ते बांधावर गेले नाहीत. तळीच्या बाजूला काळूराम आपला पाग धुऊन, शिशाच्या गोळ्या एकेक चाचपून वाळत घालत होता; पडवीतून ते दिसत होते.

आनंदीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचे माहेर खाडीपलीकडचे, होडीवर जगणारे. सुपातला खडा बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "डोकीवरून कनाला टाकायला पायजे? माजा बा होरीन बसून टाकायचा. उभा ऱ्हायला त होरी उलटल. त्याचा हात कदी कानाच्या वर गेला न्हाय."

"कसा टाकायचा?"

"मना काय ठावं? मी ल्हान होती. जालं कोपरावर घ्यायचा, आनि कंबर फिरवायचा. हात त नुसता सोडायचा."

मास्तर उठून बसले. पाग हाताने फिरत नाही, तो कमरेने फिरतो. हे ते पूर्वीपासून जाणत होते, मात्र हात डोक्यामागे नेण्याची त्यांच्या गावची पद्धत त्यांनी नियमाचाच भाग समजून घेतली होती. ती नियम नव्हती, सवय होती. त्यांनी दुसऱ्या दिवशी संघरत्नाला निरोप धाडला. तिने पाहिले, हाताची उंची तपासली, आणि थोडक्या वेळासाठी परवानगी दिली. जाळ्याचा अर्धा भार डाव्या कोपरावर, उरलेला उजव्या हातात छातीच्या उंचीला, आणि काठाचे एक टोक दातांत. ते दातांत धरावेच लागते, नाहीतर पाग एकाच बाजूला उघडतो. मास्तरांनी तोंड उघडले. उजवीकडचे दात शस्त्रक्रियेबरोबरच गेले होते; तिथे धरण्यासारखे काही उरले नव्हते. डावीकडे काठ बसला, जेमतेम, ज्या फटीत कुल्फीच्या काड्या बसत होत्या त्याच फटीत. अंगणात पाग पडला तो लांबट पडला, पण उघडला.

उघाडीच्या दिवशी सकाळपासून बांधावर गाव जमले होते. पाणी आवाज करत खाडीत उतरत होते. तिवरांवर बगळे रांग धरून बसले होते. त्यांनाही तारीख ठाऊक असावी. संघरत्ना ड्युटीला उशीर होईल असे कळवून आली होती आणि आपल्या वडिलांच्या शेजारी, चपला हातात घेऊन उभी होती. काळूरामचा पाग त्याच्या खांद्यावर तयार होता. रीतच तशी होती. पुढच्या घराने तयार राहायचे.

मास्तर धोतर खोचून पाण्यात उतरले. चिखल गार होता.

"दादूस," काळूराम काठावरून म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती, "न्हाय जमला त न्हाय जमला. कोन हसनार न्हाय."

मास्तरांनी डाव्या कोपरावर जाळे घेतले. काठ दातांत धरला. जबडा ओढला गेला. ती ओढ आता ओळखीची होती. मग त्यांनी कंबर वळवली, एकदा मागे, आणि पुढे येताना दात सोडले, कोपर सोडले, शेवटी उजवा हात. तो कानाच्या वर गेला नाही. जाळे हवेत सुटले, शिशाच्या गोळ्यांनी आपापली दिशा घेतली, आणि पाग पाण्यावर पडला.

वर्तुळ नव्हते. एका अंगाने फुगलेला, दुसऱ्या अंगाने चपटा असा काहीतरी आकार होता.

पहिला बोलला तो काळूरामच. "आरं, ह्यो पाग हाय कं करंजी?"

बांध हसला. हसण्यातच आरोळी उठली, कुणी हलगी वाजवली. मास्तर दोरी हळूहळू ओढत होते, खांदा सांभाळून. पागात बोइटं जातीचे मूठभर मासे होते, थोडी कोळंबी, नांगी उगारलेली एक रागावलेली चिंबोरी. जिताडा नव्हता. आनंदीबाई परडी घेऊन गुडघाभर पाण्यात आल्या आणि कुणाला न दिसेल असा पदर डोळ्यांना लावून परडी पुढे केली.

"सर," संघरत्ना काठावरून म्हणाली, "आता तरी माना की व्यायामानं फरक पडला."

मास्तरांनी चिंबोरी जाळ्यातून सोडवली. "नस आपोआपच परत आली असती कदाचित. कसं सांगणार? ताडून पाहायला व्यायाम न केलेला दुसरा केसरीनाथ हवा."

"बया!" आनंदीबाई म्हणाल्या. "एकच पुरं हाय."

पहिला पाग पडला होता. आता तळी सगळ्यांची झाली. माणसे धडाधड पाण्यात उतरू लागली. काळूराम शेजारी येऊन उभा राहिला, आपला पाग सावरत. "मान जाला, दादूस. आता बाहेर बस जा. दमला असशील."

दमले तर होतेच. हा थकवा मात्र पावसाळ्यातला नव्हता. तो काम करून आलेला होता आणि रात्री झोपेने जाईल, असा अंदाज करायला मास्तरांची हरकत नव्हती. त्यांनी जाळे झटकले, गोळ्या सारख्या केल्या आणि पुन्हा डाव्या कोपरावर घडी घेऊ लागले.

"आता काय?" काळूरामने विचारले.

"एका प्रयोगावरून निष्कर्ष काढत नाहीत," मास्तर म्हणाले.

काळूरामने आणखी काही विचारले. पण तोवर पागाचा काठ मास्तरांच्या दातांत होता, आणि त्यांना उत्तर देता येण्यासारखे नव्हते.